गच्चीवरचे शीड

तुळिंजमध्ये हरितगृह जमिनीवर आढळत नाही, कारण तिथली जमीन इमारतींना लागली. नालासोपारा स्टेशनच्या पूर्वेला उतरून तुळिंज रोडला लागले की खाली दुकाने, दुकानांवर घरे, घरांवर गच्च्या आणि गच्च्यांवर पाण्याच्या काळ्या टाक्या, असा क्रम दिसतो. हरितगृह असते ते या टाक्यांच्या आडोशाला, सोसायटीच्या सेक्रेटरीची नजर सहजी पोहोचणार नाही अशा कोपऱ्यात. रुळांच्या पश्चिमेला, निर्मळ-आगाशीच्या बाजूला, अजून वाड्या आहेत, केळी आहेत, दादरच्या फूलबाजारात जाणारा सोनचाफा आहे. तिथल्या माणसाला बागेत जायचे असेल तर तो मागचे दार उघडतो. तुळिंजच्या माणसाला त्यासाठी चार जिने चढावे लागतात आणि वर कुलूप असेल तर किल्लीसाठी पुन्हा उतरावे लागतात.

या हरितगृहाचा सांगाडा बांबूचा किंवा जीआय पाईपचा असतो. त्यावर हिरवी शेडनेट येते आणि पाऊस लागला की शेडनेटवर निळी ताडपत्री. आकार बहुधा दहा बाय बारा फूट. आत कढीपत्ता, गवती चहा, मिरची, अळू, जास्वंद आणि एखादे ऑर्किड असते. यांपैकी ऑर्किड सोडून बाकी सगळे उघड्यावरही जगले असते. ऑर्किड आतही जगत नाही.

मूळ कल्पना थंड देशांची. रोमचा सम्राट तिबेरियस याला रोज काकडी लागे. म्हणून त्याच्या माळ्यांनी काकडीचे वाफे चाकांवर बसवले होते. ऊन असेल तेव्हा वाफे बाहेर ढकलायचे आणि थंडीत पारदर्शक दगडाच्या पातळ तावांखाली आत घ्यायचे, अशी व्यवस्था रोमन लेखक प्लिनीने नोंदवली आहे. यातला चाकांचा भाग पुढच्या काळाने विशेष मनावर घेतला नाही. काचेचा भाग मात्र वाढत गेला आणि १८५१ मध्ये लंडनला क्रिस्टल पॅलेस उभा राहिला. त्याच्या धर्तीवरच्या बंगळूरच्या लालबागेतील ग्लासहाऊसची पायाभरणी १८८९ मध्ये झाली. तुळिंजला यांतल्या कशाचीच गरज नव्हती. ऊब तिथे वर्षभर फुकट मिळते, आणि दमटपणा तर मागावाच लागत नाही. तिथे झाडाला आडोसा हवा असतो तो एप्रिल-मेच्या उन्हापासून आणि जुलैच्या सरींच्या मारापासून. उन्हाला जाळी पुरते, पावसाला ताडपत्री. तिसरा शत्रू वारा. त्याचा विचार शेड बांधताना होत नाही. शेड गेल्यावर होतो.

वारा तुळिंजला अनोळखी नाही. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा येतो आणि पहाटे जमिनीकडून मतलई वाहतो. ही रोजची ये-जा झाडांनाही मानवते. मे महिन्यात वळवाचे ढग तुंगारेश्वरच्या डोंगरावर जमतात आणि संध्याकाळी अचानक उलट बाजूने झोत येतो. जूनपासून नैर्ऋत्येचा मोसमी वारा मुक्कामाला येतो. हाच वारा पकडून एके काळी जहाजे शेजारच्या सोपाऱ्याला लागत. सोपाऱ्यात अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे सापडले आणि १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उकरून काढला, हे शाळेत शिकवतात. त्या बंदरात येणारे खलाशी वारा वाढला की शीड उतरवत, हे शिकवायचे राहून गेले. त्याची भरपाई तुळिंजच्या गच्च्या दर जूनमध्ये करतात.

वाऱ्याची शून्य ते बारा अंकांची मोजपट्टी ब्रिटिश नौदलातील फ्रान्सिस ब्यूफर्ट याने १८०५ च्या सुमारास बसवली. जहाजाला किती शिडे उभी ठेवता येतील, यावर ती मुळात आधारलेली होती; बाराव्या अंकाला कोणतेच शीड टिकत नाही, असा तिचा शेवट होता. पुढे तिच्यात किलोमीटर आणि जमिनीवरच्या खुणा आल्या. तुळिंजच्या गच्चीवर ती जराही न बदलता लागू पडते. चौथ्या अंकाला, म्हणजे ताशी २० ते २८ किलोमीटरला, धूळ आणि कागद उडतात आणि वाळवणाची राखण करणाऱ्या आजी पापडांवर साडी टाकतात. पाचव्याला ती साडी शेजारच्या गच्चीवर असते. सहाव्याला, ताशी ३९ ते ४९ किलोमीटरला, रस्त्यावर छत्री सांभाळणे अवघड होते, वर ताडपत्री फडफडू लागते आणि सर्वात वरच्या मजल्यावरून "वर कोण नाचतंय?" अशी विचारणा होते. सातव्याला ताडपत्रीवरच्या विटा सरकतात आणि शेडचे मालक दोरी घेऊन वर येतात. आठव्याला, म्हणजे ताशी ६२ च्या पुढे, झाडांच्या डहाळ्या मोडतात. या अंकाला मालकांनी वर येऊ नये. तरी ते येतात. नवव्याला, ७५ ते ८८ ला, छपरांवरची कौले निघतात असे मूळ मोजपट्टी सांगते. तुळिंजमध्ये कौले उरलेली नाहीत, त्यामुळे त्यांचे काम पत्रे करतात.

शेड उडते म्हणजे नक्की काय होते, याबद्दल गच्चीवर एकमत नसते. वारा समोरून ढकलतो, असा सर्वसाधारण समज आहे आणि त्यानुसार पश्चिमेकडच्या दोन खांबांना जास्त दोऱ्या बांधल्या जातात. प्रत्यक्षात छप्पर ढकलले जात नाही, उचलले जाते. छपराच्या कडेवरून वारा वेगाने वर चढतो तेव्हा पृष्ठभागावरचा दाब कमी होतो. त्याच वेळी उघड्या दारातून आत शिरलेला वारा खालून दाब देतो. वरून ओढ आणि खालून रेटा, अशा दुहेरी प्रेमात ताडपत्री जमीन सोडते. ही ओढ कडांवर आणि कोपऱ्यांवर सर्वात जास्त असते, म्हणून फाटण्याची सुरुवात नेहमी कोपऱ्यातल्या कडीपासून होते. कडी बहुधा गाठीसकट शाबूत सापडते. ताडपत्री तिच्यासोबत नसते.

आकड्यांत मांडले तर प्रकरण आणखी अस्वस्थ करणारे आहे. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात यासाठी सोपे सूत्र आहे: सेकंदाला मीटरमध्ये मोजलेल्या वेगाचा वर्ग करून त्याला ०.६ ने गुणायचे, की दर चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. दहा बाय बारा फुटांच्या छपराला हे सूत्र ढोबळपणे लावले तर ताशी ५० किलोमीटरला सुमारे १३० किलोची ओढ येते आणि ताशी १०० ला सव्वापाचशे किलोची. म्हणजे सिमेंटच्या दहा गोण्यांहून जास्त वजन आभाळाच्या दिशेने लटकते. मुंबईसाठी याच मानकात इमारतींच्या रचनेकरता धरलेला मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर आहे. त्या वेगाचा हिशेब शेडसाठी करून पाहू नये. झोप लागत नाही.

या पार्श्वभूमीवर प्रचलित उपायांकडे पाहावे लागते. सर्वात लोकप्रिय उपाय वीट. एक वीट साधारण तीन किलोची धरली तर ताशी १०० च्या वाऱ्याला तोल देण्यासाठी पावणेदोनशे विटा लागतील. तेवढ्या विटांत एक छोटी भिंत उभी राहते आणि तिला महापालिकेची परवानगी लागते. प्रत्यक्षात सात-आठ विटा ठेवल्या जातात. त्या वारा नसताना ताडपत्रीत खळगे पाडून पाणी साठवतात आणि वारा आला की खाली पडायला मोकळ्या होतात. चार मजले खालून रस्ता जातो, तेव्हा हा उपाय गमतीचा राहत नाही. जुने टायर त्या मानाने बरे, कारण ते पडले तरी निदान उसळतात. पण त्यांत साठलेल्या पाण्यात डास होतात आणि मग पालिकेचे फवारणीवाले वर येतात. सोबत सेक्रेटरी येतात, आणि शेड प्रथमच अधिकृतपणे पाहिली जाते.

दुसरा उपाय म्हणजे गच्चीवर जे आधीपासून आहे त्याला बांधणे. टाकीच्या पाईपला दोरी बांधली तर वाऱ्यात पाईप निखळतो आणि पूर्ण इमारत पाण्याविना राहते. डिशच्या दांडीला बांधली तर डिश फिरते आणि संध्याकाळच्या मालिकेच्या ऐन वेळी चार घरे एकदम जिन्यात येतात. टाकीला बांधणे हा त्यातल्या त्यात शहाणपणाचा मार्ग वाटतो, कारण हजार लिटरच्या भरलेल्या टाकीचे वजन हजार किलोंहून जास्त असते. मात्र तुळिंजमध्ये टाकी भरलेली कधी असेल, हे हवामान खात्याला सांगता येत नाही.

तिसरा उपाय गाठ. निरगाठ मारण्याकडे सर्वसाधारण कल असतो. पावसात भिजून ती इतकी घट्ट बसते की पुढच्या वर्षी सुरीनेच सुटते, आणि मालकांना त्याचा अभिमानही असतो. अडचण अशी की वादळाच्या आदल्या रात्री ताडपत्री उतरवायची ठरली तरी तीच गाठ आड येते. अर्नाळ्याच्या कोळ्यांना बारा गाठी येतात आणि त्यांतल्या बहुतेक एका हिसक्यात सुटणाऱ्या असतात. समुद्रावर ज्यांचे पोट आहे ते घट्ट गाठीपेक्षा सुटणारी गाठ आधी शिकतात.

आता योग्य पद्धत. सांगाड्याला तिरके आधार हवेत. चार उभे आणि चार आडवे पाईप जोडले की चौकट होते, पण ती बाजूने ढकलली की तिरपी होते. प्रत्येक बाजूला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक तिरका पाईप टाकला की हालत नाही. हा एक पाईप वाचवण्याकडे सगळ्यांचाच कल असतो. वेल्डर "काका, हा हलणार नाही" असे सांगून खांब हाताने हलवून दाखवतो. त्याच्या हातात ताशी ६० किलोमीटर नसतात.

खांबांच्या तळाशी पट्टी बसवून स्लॅबमध्ये बोल्ट मारणे, हे पुस्तकातले उत्तर. गच्चीवर ते चालत नाही. ड्रिल वॉटरप्रूफिंगमधून आरपार जाते आणि पहिल्या पावसात वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये, नेमके पंख्याशेजारी, ओल उमटते. त्या ओलीचे मूळ शोधायला सोसायटीची विशेष सभा भरते. तिचे इतिवृत्त शेडपेक्षा जास्त टिकते. म्हणून गच्चीवर भोकाऐवजी वजन वापरावे. रंगाचा वीस लिटरचा रिकामा डबा घेऊन त्यात खांबाचा पाय उभा करायचा आणि काँक्रीट भरायचे. एक डबा साधारण ४८ किलोचा होतो. चार खांबांचे चार डबे मिळून १९० किलो. वरच्या सूत्रानुसार ताशी ६० किलोमीटरला दहा बाय बाराच्या छपरावर साधारण तेवढीच ओढ येते. म्हणजे चार डब्यांत हिशेब साठापर्यंत जेमतेम जुळतो. डबे वाढवता येतात, पण ते बीमच्या रेषेवर, खांबांजवळ ठेवावे लागतात. स्लॅबच्या मधोमध ढीग केला तर वाऱ्याऐवजी खालच्यांचा प्रश्न उभा राहतो.

साठाच्या पुढे काय, याचे उत्तर एकच आहे आणि ते सोपाऱ्याच्या खलाशांना ठाऊक होते: शीड उतरवायचे. ताडपत्री निघाली की उरलेल्या पाईपांच्या सांगाड्यात वाऱ्याला धरायला फारसे काही राहत नाही. तेव्हा शेड बांधताना ती किती घट्ट बसते यापेक्षा किती लवकर उतरते, याची परीक्षा आधी घ्यावी. ताडपत्रीची एक कड पाईपला कायमची लावावी आणि समोरची कड सुरगाठींनी. सुरगाठी ओढल्या की दोन माणसांना ती गुंडाळता येते. व्यावसायिक पॉलिहाऊसला, तळेगाव दाभाड्याच्या बाजूला दिसतात तशा जरबेराच्या घरांना, हे शक्य नसते. तिथे २०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद ॲल्युमिनियमच्या खाचेत झिगझॅग स्प्रिंगने ताणून बसवतात आणि सांगाडाच जमिनीत पक्का पुरतात. त्यातली एक गोष्ट गच्चीने जरूर उचलावी, ती म्हणजे ताण. कागद फाटतो तो फडफडीने. पाईपच्या कडेवर तो दिवसाला हजारो वेळा आपटतो. ताण ठेवायला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या उत्तम. झोत आला की त्या थोड्या ताणतात आणि मग परत येतात. पाईपवर जिथे घर्षण होते तिथे पाण्याच्या जुन्या नळीचा उभा चिरलेला तुकडा चढवावा. बाइंडिंग तारेची टोके आत वळवावीत. बाहेर राहिलेले एक टोक पूर्ण ताडपत्री फाडायला पुरते आणि उरलेल्या वेळात मालकांचा सदरा.

आडोसा करायचा तर पत्र्याचा करू नये. पत्र्याच्या भिंतीवरून वारा उडी मारतो आणि पलीकडे भोवरा करून उतरतो, नेमका मिरच्यांवर. निम्मी भोके असलेली जाळी वाऱ्याला अडवत नाही, दमवते. अशा आडोशाचा फायदा त्याच्या उंचीच्या अनेक पटींपर्यंत पोहोचतो. कोकणात घराच्या पावसाळी बाजूला नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप लावत, त्यांतूनही वारा गाळून आत येई. पन्नास टक्क्यांची शेडनेट हेच काम करते, शिवाय शाकारायला माणूस शोधावा लागत नाही.

आडोसा कोणत्या बाजूला, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. मोसमी वाऱ्यासाठी नैर्ऋत्य ठीक, पण चक्रीवादळ दिशा विचारून येत नाही. उत्तर गोलार्धात त्याचे वारे घड्याळाच्या उलट फिरतात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या बाजूला किनाऱ्यावर चढले, तेव्हा तुळिंज त्याच्या उत्तरेला होते. अशा जागी वारा आधी पूर्वेकडून येतो आणि मग उत्तरेकडे वळतो. १७ मे २०२१ ला तौक्ते किनाऱ्याला समांतर समुद्रातून गुजरातकडे गेले. ते पश्चिमेला असल्यामुळे वारे आग्नेय-दक्षिणेकडून आले, आणि मुंबईत कुलाब्याला ताशी १०० किलोमीटरच्या पुढचे झोत नोंदले गेले. नैर्ऋत्येला पाठ देऊन बांधलेल्या शेडींना दोन्ही वेळा वाऱ्याने मागल्या दाराने गाठले. इशारा मात्र आता नेमका मिळतो. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यापासून वेगळा झाल्यापासून हवामान खात्याच्या नकाशावर त्याला स्वतःचा रंग असतो. पिवळ्याला दोऱ्या तपासाव्यात, केशरीला ताडपत्री उतरवावी, कुंड्या कठड्यावरून खाली घेऊन टाकीच्या कडेला एकत्र लावाव्यात. लालला घरात बसावे.

एवढे करूनही शेड जाते. मग दुरुस्ती. पहिले काम शोधमोहीम. मोसमी वारा नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे वाहत असल्याने ताडपत्र्याही ईशान्येकडेच जातात. म्हणून ईशान्येच्या इमारतीला दर पावसाळ्यात आयते छप्पर मिळते आणि नैर्ऋत्येच्या टोकाच्या इमारतीला कधीच काही मिळत नाही. ताडपत्र्या सगळ्या निळ्या. मालकी सिद्ध करण्याचा एकच मार्ग म्हणजे फाटलेला कोपरा आणि आपल्या पाईपवर उरलेली कडी जुळवून दाखवणे. ताडपत्री विजेच्या तारेवर असेल तर ती तिथेच राहू द्यावी आणि महावितरणला फोन करावा. बांबूने काढू पाहणाऱ्यांना ओली काठी वीज वाहते हे सांगायची वेळ येऊ नये.

फाटलेल्या कागदाला सेलोटेप लावण्याचा मोह होतो. सेलोटेप पहिल्या दमट रात्री सुटते. पॉलिहाऊससाठी मिळणारी चिकटपट्टी घ्यावी, जागा धुऊन पूर्ण कोरडी करावी आणि पट्टी दोन्ही बाजूंनी लावावी. जुलैच्या तुळिंजमध्ये "पूर्ण कोरडी" ही सूचना पाळण्यासाठी केसांचा ड्रायर लागतो आणि त्यासाठी वीज. शेडनेटचे भोक नायलॉनच्या दोऱ्याने विणून बंद करावे. मासेमारी बंद असते त्या दिवसांत किनाऱ्यावर जाळी दुरुस्त करत बसलेल्यांकडे पाहिले की हात समजतो: फाटलेल्या कडा आधी कापून सरळ करायच्या, मग नवे घर जुन्या घरात अडकवत जायचे. पॉलिकार्बोनेटच्या पत्र्याला तडा गेला असेल तर तड्याच्या टोकाला छोटे गोल भोक पाडावे, तडा तिथे थांबतो. वाकलेला पाईप पायाने सरळ करू नये. तो सरळ होतो, पण पुढच्या वेळी तिथूनच मोडतो. तेवढा तुकडा कापून आत सळई किंवा बाहेर सॉकेट घालून जोडावा आणि वेल्डिंगने जळालेल्या जस्ताच्या जागी लगेच जस्ताचा रंग द्यावा. खाऱ्या हवेत चार दिवसही उशीर परवडत नाही. ऊन खाऊन ताडपत्री बोटात धरल्यावर चुरचुरत असेल तर तिला टाके घालू नयेत. साधी ताडपत्री एक-दोन हंगामांत अशी होते; अतिनील किरणांना टिकणारा कागद साधारण तीन वर्षे चालतो.

झाडांकडे सगळ्यात शेवटी लक्ष जाते आणि त्यांचे काम मात्र पहिल्याच दिवशी करायचे असते. वादळी वाऱ्यासोबत समुद्राचे खारट तुषार आलेले असतात, म्हणून पाने गोड्या पाण्याने धुवावीत. न धुतल्यास कडा करपतात. मोडलेल्या फांद्या धारदार कात्रीने स्वच्छ कापाव्यात, वाकलेल्यांना काठी द्यावी, नवी पालवी दिसेपर्यंत खत देऊ नये. कुंड्यांखालच्या थाळ्या रिकाम्या कराव्यात. अळूला काहीही झालेले नसते.

मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर आहे. त्यानंतर ताडपत्री धुऊन, वाळवून, घडी घालून जिन्याच्या वरच्या वळणावर ठेवतात, "येथे सामान ठेवू नये" या पाटीखाली. वर फक्त शेडनेट राहते, कारण ऑक्टोबरचे ऊन. दोऱ्या आणि डबे मात्र नोव्हेंबर संपेपर्यंत हलवू नयेत. फयान वादळ अलिबाग आणि मुंबईच्या मध्ये किनाऱ्याला लागले ते ११ नोव्हेंबर २००९ ला, पावसाळा केव्हाच संपल्यावर.